निघताना तू जे म्हणालीस

आये, तुझ्यावर सिनेमा काढलाय मी. हसू नकोस. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा, माणसं ओळखीपाळखीची, खोली सांगलीतलीच. गोष्ट आपली. जात सांगितली की सांगलीत खोली मिळेना म्हणून दादानं आडनाव बदललं आणि त्या आडनावाला स्थळ सांगून आलं, तो दिवस.

साताऱ्याहून तुला खोलीवर आणून सकाळपासून दादा शिकवतोय. ‘हाय’ नको, ‘आहे’ म्हण. भिंतीवरची तसबीर त्यानं ट्रंकेत घातली, तरी तू अडवलं नाहीस. मुलीच्या आईशी दुपारभर बोललीस, एक शब्द चुकला नाही. बोलणी ठरत आली. चपला घालता घालता मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, “नमस्कार, येतो.” तूही हात जोडलेस आणि म्हणालीस, “जय भीम.”

माणसं ठरत आलेली बोलणी तिथंच सोडून जिना उतरली. दादा म्हणाला, “वाट लावलीस माझी.” तू म्हणालीस, “तोंडात बसलंय रं, निघून गेलं.” त्यानंतर तो साताऱ्याला घरी आला नाही. तुझ्या मातीलासुद्धा नाही. आडनाव मात्र तेच लावतो अजून. मला त्याचा लय राग आहे, आये.

सिनेमात तुझं काम करणारी बाई पूर्वी एसटीत कंडक्टर होती. नेमकी त्या दोन शब्दांपाशी अडली. “आवं ताई, ह्ये चुकून म्हनायचं का मुद्दाम?” मी चिडले. म्हटलं, दोन्ही करा. तिनं दोन्ही केलं. मुद्दाम म्हणताना तिची मान अशी ताठ झाली की मी तेच ठेवलं.

सांगलीतल्या पहिल्या खेळाला त्या जागी टाळ्या पडल्या. दिवे लागले तर शेवटच्या रांगेत दादा. केस पांढरे, डोळे लाल. इतक्या वर्षांची त्याची शहरी भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. “आय मुद्दाम म्हनली हुती व्हय?”

मी म्हटलं, “व्हय.”

त्यानं खुर्चीचा दांडा धरला. मग म्हणाला, “चुकली आसंल म्हनून मी तिला कवाच माफ केलं हुतं.” आणि गेला.

आता हे लिहितेय, पण पाठवू कुठं? तू चुकून म्हणालीस की मुद्दाम, मला ठाऊक नाही. तुला कधी विचारलंच नाही. दादा रडत बाहेर पडला, आणि आये, मला बरं वाटलं.