काठाची वजावट

पिंपळगाव रेणुकाई, पौष शके १९४३, रविवार संध्याकाळ

अणूचा गाभा म्हणजे पाण्याचा थेंब समजून तो किती घट्ट बांधलेला आहे याचं गणित करतोय. जड गाभ्यांचं जुळतं, हलक्यांचं उत्तर दरवेळी जास्त येतं. सुट्टीचे चार दिवस यातच गेले.

आज वडील उभ्या ज्वारीचा अंदाज बांधत होते. लहान वावरातून त्यांनी जास्त वजावट धरली. का, विचारलं.

"काठाची कणसं पाखरं खाऊन राह्यली. लहान तुकड्याला काठच जास्त."

काठ. मी तिथंच थांबलो. थेंबाच्या काठावरच्या कणांना बाहेरून शेजारी न्हाई, मंग त्यांची पकड पूर्ण धरलीच कशी मी? घरी येऊन काठ वजा केला. कार्बनच्या हलक्या गाभ्याचं उत्तर बराबर बसलं.

गाभा थेंब न्हाई, हे मलाही ठाऊक आहे. वडिलांनी कणसं कुठं मोजली? पण खळ्यावर त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला न्हाई.