विहिरीमागचं संत्रं

बाबा, तुम्ही माळीकाम करायचा त्या बंगल्यावर परवा मी जाऊन आलो. वलगावच्या रस्त्याला उतरलो आणि फाटकापाशी बराच वेळ उभा राहिलो. आता तिथं तिकीट काढून आत जातात. कुणी विचारलं, तू कोण, तर काय सांगायचं, याचीच धास्ती होती. कुणी विचारलं नाही.

आईनं पाठवलं होतं. अकोल्याच्या खोलीत ती अंथरुणाला खिळली आहे आणि दिवाळीपासून तिनं जेवण सोडल्यासारखंच आहे. मागेल ते द्या, असं डॉक्टर म्हणतात, पण ती काही मागतच नव्हती. मग एका सकाळी म्हणाली, "तुह्या बापाच्या झाडाचं संत्रं आण मले. बजारातलं नको आणू."

बंगल्याला नवा रंग दिला आहे. दिवाणखान्यात दोरी बांधली आहे, अलीकडून खुर्च्या पाहायच्या आणि पुढं सरकायचं. मालकांच्या आजोबांनी देशोदेशीहून आणलेली झाडं अजून आहेत. गोरखचिंच, कैलासपती, सगळ्यांच्या खोडांना पाट्या. कारंजं कोरडं आहे. आपली खोली होती तिथं पाण्याच्या टाक्या ठेवल्या आहेत. कैलासपतीखाली शाळेची मुलं डबे खात होती, तेवढीच काय ती जाग.

विहिरीमागचं तुमचं झाड लांबूनच दिसलं. हिरवंगार, फळांनी लगडलेलं. मला इतका आनंद झाला की मी चालणं सोडून पळालोच. जवळ गेलो तेव्हा फांद्यांवर लांब काटे दिसले. फळं पिवळी, जाड सालीची, खरबरीत. पाटीवर 'संत्रा' लिहिलेलं, आणि झाड जंबेरीचं, संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या आंबट लिंबाचं.

मी लहान आहे आणि तुम्ही गुडघ्यावर बसला आहात. जंबेरीच्या रोपाला सुरीनं चीर देता, संत्र्याचा डोळा सालीत सरकवता, वरून पट्टी गुंडाळता. काही दिवसांनी डोळ्याच्या खालून जंबेरीचा फुटवा निघतो आणि मी कैची आणायला धावतो. तुम्ही पाठीत धपाटा घालता. "कैची कायले पाह्यजे? कोवळा हाये तवरच बोटानं मोडाचा. आज राह्यला त उद्या थोच मालक होते." तुम्ही गेल्यावर आम्हाला मामानं अकोल्याला नेलं. मागं ते फुटवे कुणी मोडले नाहीत. जोडापाशी अंगठ्याएवढा वाळका खुंट राहिला आहे, तेवढंच तुमचं संत्रं. मी हात लावला तर साल भुगा होऊन खाली पडली.

चौकीदार मागं येऊन उभा राहिला. "फळं तोडाची नाही, भाऊ." मग झाडाकडं बघून म्हणाला, "याची पाह्यजे? ने ना मंग, पोतंभर ने. माकडंही तोंड लावत नाही याले. लोणचं घालाले सांग बायकोले." बायको नाही म्हटलं, तर म्हणाला, "मंग त फुकट गेलं तिकीट." मी हसलो. झाड कुणी लावलं, ते सांगितलं नाही.

दोन जंबेऱ्या पिशवीत टाकल्या. अमरावतीच्या स्टँडवर गाडीवरून संत्री घेतली. मूर्तिजापूर येईपर्यंत ठरवलं होतं की खरं काय ते सांगायचं. अकोला आल्यावर धीर झाला नाही. जंबेऱ्या ओट्याखाली लपवल्या आणि संत्रं सोललं, एकेका फोडीचे दोरे काढले, बिया काढल्या. आईनं एक फोड तोंडात धरली. डोळे मिटून हळूहळू चघळली. दुसरी मागितली. ती गिळून म्हणाली, "तुह्या बापाचं संत्रं इतकं गोड कधीच नव्हतं रे."

मी पुढच्या फोडीचे दोरे काढत राहिलो.

"मेलं का झाड?"

"हो."

"कोणी फुटवे नसन मोडले." ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग हात मागं पसरला. "आण. हे आणलंच हाये त हे दे."

त्या दिवशी तिनं अर्धं संत्रं खाल्लं. काल पुन्हा काही नाही. आजही नाही.

हे मी आधी कच्चं लिहून काढलं, तुम्हाला खाडाखोड चालत नसे म्हणून. पाठवायला पत्ता नाही, तेव्हा पेटीतच राहील. एवढंच सांगायचं होतं की आईला पहिल्या फोडीतच कळलं, मला कळलं नसतं. त्या झाडाखाली बसून मी पोट दुखेपर्यंत खात असे, पण तुमचं संत्रं लागायचं कसं, ते मला आठवत नाही. सांगू शकेल अशी एकटी आईच आहे, आणि तिला विचारायला माझी जीभ रेटत नाही.