बिनदाराच्या घरातली बसकार्डं

३ डिसेंबर
लाल दुमजली बस गेली. बर्फातली, मागे चर्च, टपावर भेटवस्तूंची खोकी. काल पेटीत होती, आज नाही. ख्रिसमस कार्डांवरच्या जुन्या बसगाड्या मी जमवतो, हे सगळ्या शिंगणापूरला ठाऊक आहे. एवढं संस्कृत शिकलेल्या माणसाला काहीतरी व्यसन लागणारच, असं त्यांचं मत. पण उचलून नेणार कोण? देव राखतो म्हणून गावात कुणाच्याच घराला दार नाही, चौकटीला नुसता पडदा. इथे चोरी होत नाही, ही बातमी दरवर्षी नगरच्या पेपराला मीच पाठवतो.

मनकर्णेला विचारलं. "असंल कुटंतरी," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. नवऱ्याच्या छंदावर बायकोने इतपतच भाष्य करावं, असं शास्त्र असावं.

६ डिसेंबर
नगरहून सुनीलचं पाकीट. हा माझा जुना मित्र त्याच्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंका धुंडाळून मला कार्डं पाठवतो. या खेपेला पुढे नाक काढलेली हिरवी बस, दिव्यांवर बर्फाच्या टोप्या. सोबत चिठ्ठी — "पंडित, येशू बसने आला नव्हता, एवढं लक्षात असू दे." उत्तर लिहिलं, म्हणूनच वेळेवर पोचला.

८ डिसेंबर
आणखी दोन नाहीत. वाऱ्याने पडदा हलला तरी मान वळते.

१० डिसेंबर
नगरहून सुनीलचं पाकीट. पुढे नाक काढलेली हिरवी बस, दिव्यांवर बर्फाच्या टोप्या. काय देखणी! मनकर्णेला दाखवली. तिने कार्डाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

११ डिसेंबर
एसटी थांब्यावरच्या चहावाल्या गनीभाईंनी गल्ल्याखालून माझी लाल दुमजली काढून दिली.

"कंडक्टरनं आनून दिली, सर. कुनीतरी तिकिटाच्या जागी त्याच्या हातात ठिवली हुती. पुनतांब्याला जायचं म्हनत हुतं."

"कोण?"

गनीभाई कप विसळू लागले. "मानूस भला हाय, सर. जाऊ द्या."

भला चोर! आणि पुणतांबा तर माझं जन्मगाव. म्हणजे माझी पेटी, माझी कार्डं, माझं गाव — सगळं ओळखून आहे.

१३ डिसेंबर
माझ्या चपला चौकटीशी, चिखलाने माखलेल्या. मी तर दिवसभर घरात. आता माझ्याच चपला घालून हिंडतो! निर्लज्जपणालाही काही मर्यादा असावी.

१५ डिसेंबर
दार बसवू म्हटलं. मला वाटलं, मनकर्णा कानांवर हात ठेवील — शिंगणापुरात दार! ती लगेच म्हणाली, "व्हय. बसवूच." तिनेही कुणाला तरी पाहिलं असणार.

संध्याकाळी गावातले जाणते आले. मी शास्त्राधार काढून ठेवले होते. कुणी मागितलेच नाहीत. त्यांतल्या बजरंगअण्णांनी मागे शेजाऱ्याला साधी फळीसुद्धा बिजागरीवर बसवू दिली नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देवाला आमी सांगू, गुरुजी. ह्ये दार चोरासाठी न्हाई म्हनून."

मग कशासाठी, हे विचारायचं राहिलं. ते गेलेही खाली मान घालून.

१७ डिसेंबर
सोनईहून आसाराम सुतार माप घेऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. जे विचारायचं ते मनकर्णेला विचारलं.

१८ डिसेंबर
दार बसलं. आतून हात फिरवला — नुसती फळी. हाक मारली, अगं, आसारामने कडी चुकून बाहेरून बसवली.

"चुकून न्हाई वो," पलीकडून मनकर्णा म्हणाली. रडत असावी. "कंडक्टरला कार्डं देनारे तुमीच. चपला चिखलात भरल्या त्या दिशी बी तसंच चालत निगालात, टेम्पोखाली येता येता वाचलात. मी रानातून येस्तोवर बसा."

बाहेरून कडी सरकली.