हिरवी रेघ

३ ऑक्टोबर
परदेशातल्या या पिस्कॅटवे गावात पोचले. वरच्या मजल्यावरची खोली मस्त आहे, खिडकीसमोर मेपल. घरमालकीण वीणाकाकू एकट्याच असतात. त्यांचे यजमान मोरेश्वरकाका गेल्या वर्षी वारले. हॉलमधल्या शेवटच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर एकही केस नाही. “रिटायर झाल्यावर ह्यांना नाशिकला परत जायचं होतं, मला नव्हतं,” असं काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. मी लाज न बाळगता पाच पोळ्या खाल्ल्या.

७ ऑक्टोबर
लॅबचा पहिला दिवस. काका इथेच कामाला होते, मला त्यांचंच टेबल मिळालंय. आमचा धातू थॅलियम. शिशासारखा मऊ, सुरीने कापला जातो, हवेत काळवंडतो, आणि भयंकर विषारी. १८६१ साली तो सापडला ज्योतीच्या प्रकाशात: वर्णपटात कुणी न पाहिलेली एक हिरवी रेघ दिसली. म्हणून नावही कोवळ्या हिरव्या डहाळीसाठीच्या ग्रीक शब्दावरून. सहकारी देवांग तुसडा आहे. काकांच्या वेळची थॅलियमची एक बाटली यादीत आहे, कपाटात नाही, हे त्याने दोनदा ऐकवलं. जशी काही मीच नेली.

१३ ऑक्टोबर
लॅबजवळ अपार्टमेंट मिळालं. एक तारखेला शिफ्ट होणार, असं काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या की सगळ्यांना जायचीच घाई असते. संध्याकाळी मेथीचे लाडू घेऊन वर आल्या. रोज एक, त्यांच्यासमोर खायचा. काकूंना नाही कसं म्हणणार?

२१ ऑक्टोबर
तळपाय जळतायत. चादरसुद्धा सोसत नाही. माझा देवांगवर संशय आहे, माझी कॉफी त्याच्याच मगाशेजारी असते. लॅबमधलं खाणंपिणं बंद केलं. आता फक्त काकूंच्या हातचं.

२९ ऑक्टोबर
कंगव्यात केस. उशीवर केस. जिना उतरता येत नाही. फोन काकूंनी खाली नेला, मला आराम मिळावा म्हणून. खूप भीती वाटतेय.

१ नोव्हेंबर
आज जायचं होतं.
बॅगेत लॅबचा छोटा स्पेक्ट्रोस्कोप सापडला, ज्योतीच्या वर्णपटातल्या रेघा दाखवणारा. मेणबत्ती लावली. ज्योतीत आधी माझा केस धरला, मग लाडवाचा कण. मिठाची पिवळी रेघ दिसली, ती सगळ्यातच असते. तिच्या शेजारी — दोन्ही वेळा — हिरवी.
म्हणजे हे देवांगचं काम नव्हतं. बाटली इथेच आहे. या घरात.
दाराला आतून कडी नाही —
काकू जिना चढतायत. वाटी-चमच्याचा आवाज. म्हणतायत, लाडू चावत नसेल तर खीर आणलीय, उठू नकोस. शेवटी ह्यांनाही हात उचलवत नव्हता, मीच भरव—