पान ४१ वरचा फरक

मी, कोंडिराम भिवा गमरे, वय ७१, निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, राहणार बेव्हर्ली पार्क, मिरा रोड, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, फक्त गोंधळलेली आहे. हे वाक्य वकील रुचिताबाईंनी खोडायला सांगितले होते. मी खोडलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सरोजा हिला, तिच्यानंतर मुलगी पायल हिला. हॉलमधला फळा काढून सरोजाने तिथे खुशाल टीव्ही लावावा. एकवीस वर्षे मागतेय बिचारी.

२. पुस्तके पायलला. ती रद्दीत घालील, हे मला ठाऊक आहे.

३. निळी वही माझे जुने सहकारी दत्ताराम घाग, राहणार घोडबंदर, यांना. २००४ साली आम्ही दोघांनी एकच समाकल, म्हणजे इंटिग्रल, वेगवेगळा सोडवला. चार मितींत त्याचे उत्तर अनंत येते. म्हणून मिती चारपेक्षा एप्सिलॉन या अगदी लहान संख्येइतकी कमी धरायची, अनंत होणारे पद वेगळे काढायचे आणि अगदी शेवटी चारवर यायचे. आमची उत्तरे जुळली नाहीत. दत्ताराम म्हणाला, "तू घाई करतोयस." मी म्हणालो, "तुला साधं मोजता येत नाही." तो उठून गेला. पायलच्या लग्नालाही मी त्याला बोलावले नाही, याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात दिसले, की पहिल्याच ओळीत मितीच्या जागी मी सरळ चार लिहिले होते. एप्सिलॉन क्षुल्लक म्हणून सोडला. पुढे त्याला एक भागिले एप्सिलॉनने गुणायचे होते, तिथे उणे एक उरला असता. म्हणजे चूक माझी. पण वहीच्या पान ४१ वर आमच्या उत्तरांत फरक दोनचा आहे. दुसरा एक कुठून आला? तीनदा करून पाहिले, डोके चालेनासे झाले. सरोजा म्हणते, "मेल्यावर कशाला, आत्ताच विचारा ना." म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे. येईल की नाही, कळत नाही.

मिरा रोड, ९ नोव्हेंबर २०२५
सही: कोंडिराम भिवा गमरे

आम्हा दोघांसमक्ष सही झाली.

साक्षीदार १: डॉ. ममता पारेख, शेजारी

साक्षीदार २: दत्ताराम घाग. एक तुझा, पहिल्या ओळीतला. दुसरा माझा. मला तो त्याच वर्षी सापडला होता, सांगायला आलो नाही. वही आज नेत नाही. मंगळवार होऊ दे, मग बसू.