शिरस्त्राणाचं माप

रविवार, ४ फेब्रुवारी

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला शिरस्त्राण दिलं. म्हणजे वस्तू नव्हे, काम. ख्रिस्ती माणसाच्या शस्त्रसामग्रीवर त्यांची प्रवचनं चालू आहेत. कंबरपट्टा, उरस्त्राण, जोडे झाले. आज ढाल झाली. अठरा तारखेला तारणाचं शिरस्त्राण. आमच्या महिला मंडळाची रीत अशी की त्या रविवारी एकीनं ती वस्तू स्वतःच्या हातानं करून आणायची आणि समोर उभं राहून दहा मिनिटं साक्ष द्यायची. माझा विषय: मी तारण कसं स्वीकारलं.

ढाल दातांच्या डॉक्टरीणबाईंनी केली होती. मोठा ट्रे, वर चंदेरी कागद. टाळ्या पडल्या. ट्रेचे कान तसेच दिसत होते, पण मी कुणाला बोलले नाही. फक्त दोघींना.

मला हे सोपं जाणार. माझं तारण नऊ वर्षांची असताना झालं, कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये. बाहेरगावचे प्रवचनकार आले होते. ज्यांना पापातून तारण हवं त्यांनी उभं राहा, असं ते म्हणाले, आणि अख्ख्या हॉलमध्ये सर्वांत आधी उभी असलेली मुलगी मीच होते. नुसतं आठवलं तरी फरशीच्या मेणाचा वास येतो.

घरी येऊन वन्संना सांगितलं. हे गेल्यापासून मी वन्संना सोबत करते आहे. थोरली नणंद म्हटलं की तेवढं करावंच लागतं. त्या म्हणतात, सोबत त्या मला करतात. असू दे. वन्सं म्हणाल्या, बरं झालं. आता बटाटे सोलतेस का?

सोमवार, ५ फेब्रुवारी

शिरस्त्राण डोक्याचं रक्षण करतं. डोकं म्हणजे मन. तारण झालेल्या माणसाच्या मनात भीती आणि काळजी शिरत नाही, असं साक्षीत सांगायचं आहे, तेव्हा आधी आपण करून दाखवावं. आजपासून रोज सकाळी सहाला डोळे मिटून शिरस्त्राण चढवायचं. दिवसभर काळजी बंद.

६.००. चढवलं.

६.०४. मागच्या दाराची कडी पाहून आले. ही काळजी नव्हे. ही खात्री.

६.१०. पुन्हा. पहिल्यांदा पाहताना लक्ष साक्षीत होतं.

वन्संनी अंथरुणातूनच विचारलं, चोर आला का गं? नाही म्हटलं. मग झोपू दे त्याला, म्हणाल्या.

बुधवार, ७ फेब्रुवारी

शिरस्त्राणाला सुरुवात. फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीनं चिकटवायचे, वाळले की फुगा फोडायचा. पुस्तकात चार ओळींत दिलंय. फुगा दीड तासानं आपण होऊन फुटला. पडदे धुवायला झालेच होते.

साक्षीची तीन पानं लिहून झाली. अजून हॉलपर्यंत पोचले नाही. सिस्टरच्या वेण्यांपाशीच आहे. रोज सकाळी ती आम्हा बोर्डिंगच्या मुलींच्या दोन दोन वेण्या घालायची, इतक्या घट्ट की दुपारपर्यंत भुवया वर असायच्या. माझे केस पाहून म्हणायची, हे जपशील हो. जपलेत. अजूनही अंबाडा एका हातात मावत नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

फुग्याऐवजी पातेलं घेतलं. मधलं, जाड बुडाचं. कागद छान वाळला, अगदी दगडासारखा. पातेल्यातून निघत नाही.

वन्संनी पाहिलं. तीस वर्षं इस्पितळाच्या प्लास्टर-खोलीत नर्स होत्या, त्यामुळे काहीही घट्ट बसलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. म्हणाल्या, आधी तेलाचा हात लावायचास ना गं. मला विचारलं असतंस तर काय झालं असतं? मी म्हटलं, वन्सं, ही वस्तू स्वतःच्या हातानंच करायची असते. त्या म्हणाल्या, मग दूध कशात तापवायचं तेही स्वतःच ठरव.

साक्षीत एक किरकोळ दुरुस्ती. सर्वांत आधी उभी राहिले असं न लिहिता सर्वांत आधीपासून उभी होते, असं लिहिलं. अर्थ तोच.

शनिवार, १० फेब्रुवारी

नवा विचार. साक्ष द्यायची ती नुसती बोलून का? अठरा तारखेपर्यंत एका तरी जिवाला तारणापर्यंत आणावं. वन्संनाच आणावं. त्या शेवटच्या बाकावर बसतात, प्रवचनात पेंगतात, साक्ष कधीच देत नाहीत.

चहाच्या वेळी विषय काढला. विचारलं, वन्सं, तुम्ही तारण केव्हा स्वीकारलंत? त्या बिस्किट बुडवत म्हणाल्या, झाली असतील चाळीसेक वर्षं. दोन प्लास्टरांच्या मधे. मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, एक म्हातारा पेशंट होता. घे म्हणाला, फुकट आहे. मी घेतलं. मग पुढचा पाय आत आला.

तारीख आठवत नाही. वार नाही. गुडघे टेकल्याचं नाही, रडल्याचं नाही. फार वाईट वाटलं मला. यांच्यासाठी पुष्कळ प्रार्थना करावी लागणार.

प्रार्थना करताना मधेच खिडकी लावली की नाही ते पाहून आले. वन्सं घोरत होत्या. अशा लोकांना बरी दुपारची झोप लागते.

सोमवार, १२ फेब्रुवारी

साक्षीची अकरा पानं झाली आणि ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी प्रार्थनेत बोलल्याबद्दल सिस्टरनं मला उभं केलं होतं. शिक्षा म्हणून. अर्धा तास झाला होता. मग प्रवचनकार म्हणाले, ज्यांना तारण हवंय त्यांनी उभं राहा. मी होतेच. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला बसायचं होतं, पाय दुखत होते. पण त्या क्षणी बसले असते तर नको म्हटल्यासारखं दिसलं असतं. मग त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, मला चित्राचं कार्ड दिलं, आणि ज्या सिस्टरनं उभं केलं होतं तिनंच मला जवळ घेतलं. तिचे डोळे भरले होते. तिला कसं सांगणार?

पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी ती बदलून गेली.

म्हणजे मला ते मिळालंय की नाही, हेच मला ठाऊक नाही. बावन्न वर्षं झाली. मेल्यावर वर विचारलं, तू कशी आत आलीस, तर काय सांगू? शिक्षा चालू होती म्हणून?

पण ते सगळं मनाचे खेळ. शिरस्त्राण नीट बसलं की असले विचार येत नाहीत. उद्यापासून साडेपाचला चढवायचं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

शिरस्त्राण अजून नाही. डॉक्टरीणबाई दुकानात भेटल्या. म्हणाल्या, मदत लागली तर सांगा हं. मी म्हटलं, जवळजवळ झालंय. हे खोटं नव्हे, ही श्रद्धा.

वन्संच्या कपाटात पीओपी बँडेजची सहा पाकिटं सापडली. निवृत्तीच्या वेळची. प्लास्टर ओलं असताना हवा तो आकार घेतं आणि दहा मिनिटांत कडक होतं. माप चुकायला नको म्हणून साचा माझ्याच डोक्याचा. उद्या दुपारी वन्सं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहेत. त्या यायच्या आत टेबलावर तयार शिरस्त्राण.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दुपारी २.१०. सहाही पाकिटं वापरली. कपाळ, कान, मागे अंबाड्यावरून मानेपर्यंत. आरशात रूप भारदस्त दिसतंय.

२.१६. डोक्याला ऊब लागते आहे. गोड, पसरत जाणारी ऊब. कुणी मायेनं हात ठेवावा तशी. हॉलमध्ये जे वाटायला हवं होतं ते हेच असणार. डोळे भरून आले.

२.२५. ऊब गेली. कडक झालंय. आता काढते.

२.३१. अंबाड्याचा विचार केला नव्हता. आत अंबाडा मोठा, बाहेर यायची वाट लहान. शिवाय केस चिकटलेत. पातेल्याला तेल लावायचं होतं ते इथेही लावायला हवं होतं, असं दिसतं.

२.५०. ओढून पाहिलं. मी उचलली जाते, ते नाही.

३.०५. कोमट पाण्याचा तांब्या ओतला. ब्लाउज भिजला. घाबरलेले नाही.

३.२०. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला हाक मारावी का? नको. सगळ्या मंडळीचे कपडे त्याच्याकडे असतात. मापं घेताघेता तो बातम्या देतो.

३.४०. वन्सं यायला उशीर होऊ दे, अशी प्रार्थना केली.

३.५५. वन्सं लवकर येऊ देत, अशी केली. मान दुखते आहे. हे घालून शवपेटीतही नीट आडवं होता यायचं नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

काल पुढे लिहिता आलं नाही.

वन्सं सव्वाचारला आल्या. दारातच थांबल्या. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, म्हणून जवळ येऊन नीट पाहिलं. मग बोटानं टकटक केलं. हसल्या नाहीत. चपला काढल्या, हात धुतले, कपाटातून प्लास्टरची कात्री आणली आणि म्हणाल्या, स्टुलावर बस.

माझे कान झाकलेले, म्हणून त्या मोठ्यानं बोलत होत्या. केस जातील, म्हणाल्या. मी म्हटलं, दुसरा उपाय? त्या म्हणाल्या, आहे ना, टोपी म्हणून वापर.

कात्री पाहून मी स्टुलासकट मागे सरकले. त्यांनी मला ती दाखवली. खालचं पातं चपटं आणि बोथट असतं, ते कातडीच्या बाजूनं सरकतं, धार वरच्या वर. तीस वर्षांत एकालाही ओरखडा आला नाही, म्हणाल्या. फक्त पेशंटनं मदत करायची नाही. जे मदत करतात त्यांनाच लागतं.

मी तरी हात लावतच होते. त्यांनी माझे दोन्ही हात उचलून माझ्या मांडीवर ठेवले, लहान मुलाचे ठेवावेत तसे.

मग काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. शिक्षेचं, पाय दुखल्याचं, कार्डाचं, सिस्टरच्या डोळ्यांचं. वन्सं, मी कधी घेतलंच नाही हो, मी नुसती उभी होते, असं म्हटलं. माझ्या मते मी कुजबुजत होते. वन्सं नंतर म्हणाल्या की वरचं शिलाई मशीन थांबलं होतं.

वन्संची कात्री कानामागे होती. त्या म्हणाल्या, बावन्न वर्षं काळजी करत बसलीस, आणि देणारा काय दुकान बंद करून गेला? मग आता घे. मी म्हटलं, आता? अशी? त्या म्हणाल्या, मग कशी? केस विंचरून?

मी म्हटलं, काय म्हणायचं असतं? अकरा पानं लिहिलेली बाई मी, आणि मला काही सुचेना. वन्सं म्हणाल्या, मी तर हो म्हटलं होतं. पेशंट वाट बघत होते.

मी हो म्हटलं.

काही झालं नाही. ऊब वगैरे काही नाही. कात्री पुढे सरकली. थोड्या वेळानं डोक्याला एकदम गार हवा लागली आणि अंबाडा प्लास्टरसकट ओट्यावर पडला. तेवढ्यापुरती रडले. वन्संनी आपला रुमाल दिला, तो घेतला. एरवी मी म्हणते, माझा आहे माझ्याकडे.

रविवार, १८ फेब्रुवारी

शिरस्त्राण दोन तुकड्यांत नेलं. आत केस तसेच. वन्सं म्हणाल्या, झाकून ने. मी झाकलं नाही, म्हणजे विसरले.

साक्षीचे कागद समोर ठेवले. चष्मा लावला. पहिलं वाक्य होतं, मी नऊ वर्षांची असताना अख्ख्या हॉलमध्ये. ते तसंच सोडून दिलं. मग जे तोंडात आलं ते बोलले: तेव्हा मला शिक्षा झाली होती म्हणून मी उभी होते, शिरस्त्राण मी स्वतः करायला गेले आणि त्यातच अडकले, नणंदेनं सोडवलं, परवा गुरुवारी साधारण पावणेपाचला मी हो म्हटलं. एवढंच. दोन मिनिटंही झाली नसतील. टाळ्या नाहीत. लोकांना वाटलं, ही प्रस्तावना आहे. शिंपी मात्र मान डोलावत होता. त्याला पुढचं ठाऊक होतं.

मग पाळकसाहेबांनी नेहमीसारखं सांगितलं, आज ज्यांना तारण स्वीकारायचं आहे, स्वीकारलं आहे, त्यांनी उभं राहावं. आणि मी पुन्हा आपली उभीच. या खेपेला मला ते चालेना. मी बाकापाशी गेले, नीट बसले, पदर सारखा केला आणि मग उभी राहिले. एकटीच. पाळकसाहेबांना वाटलं, मला बरं वाटत नाही. त्यांनी पाणी मागवलं.

उपासना संपल्यावर बायका भोवती जमल्या. मला वाटलं, काही आत्मिक विचारतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आखूड केस शोभतात हो तुम्हाला, कुणी कापले? आता तिघी जणी बुधवारी वन्संकडे येणार आहेत.

पाळकसाहेबांनी हसत हसत रजिस्टर उघडलं. उभं राहिलेल्याचं नाव नव्यांच्या वर्गात घालायचा नियम आहे. वर्ग मंगळवारी पाचला. तो गेली अकरा वर्षं मीच घेते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पेन धरून थांबले. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, घाला. मग शिकवणार कोण? त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. वन्सं जाग्या होत्या.

वाटेत मी वन्संना विचारलं, मंगळवारी काय काय आणू? बायबल तर आणतेच. शिवाय वही, दोन रंगांची पेनं, जुन्या वर्गांच्या नोट्स. वन्सं म्हणाल्या, काही नको, नुसती ये.

बरं म्हटलं आहे. पातळशी एक वही नेली तर त्यांच्या लक्षात येणार नाही.