कडीला पांढरी पट्टी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार
गच्चीवर मीटिंग झाली. मागच्या गोदामाच्या आगीनंतरची पहिलीच. ठरलं असं — पुन्हा धूर आला तर शेवटचं माणूस निघताना बाहेरून कडीला पांढरी पट्टी बांधेल. पट्टी म्हणजे आत कोणी नाही. पट्टी नसेल तिथेच शोधायला जायचं. कल्पना शेजारच्या आवडाबाईंची. सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते.

दिवाळीआधी अशी पट्टी असती तर हे परत वर गेले नसते. आवडाबाईंना आणायला गेले आणि धुरात गुदमरून वारले. बाई तर सकाळीच खोपटला लेकीकडे गेलेल्या!

१२ फेब्रुवारी
आवडाबाई दारात. जुनं धोतर फाडून शिवलेली पट्टी पुढे केली. "शेवंती, हवं तर बोलू नकोस माझ्याशी. पण ही ठेव."
घेतली. दार लावलं.
आतल्या खोलीत ह्यांचं खाकरणं ऐकू येतं. रोज.

१६ फेब्रुवारी, रविवार
मॉक ड्रिल. शोधायला जायचं काम घेतलेल्या प्रितमने शिट्टी मारली, सगळे उतरले. मीही. पट्टी हातातच राहिली. आत कोणी नाही असं कसं बांधू?
खालून गॅलरीकडे बघत परशुरामभाऊ ओरडले, "अरे, तिसऱ्या मजल्यावर एक पट्टी नाय!" प्रितम धावला. पलंगाखाली, मोरीत बघून धापा टाकत आला. "काय काकू! तुम्ही तर इथेच! खरा धूर असता तर माझा पण फोटो लागला असता भिंतीवर."
सगळे हसले. त्याची बायको कृतिका नाही हसली. सातवा महिना आहे तिला.

१७ फेब्रुवारी
कृतिकाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

११ मार्च
आज खरंच धूर आला! गॅलरीत आवडाबाई आपल्या कडीशी झगडत होत्या. "गाठ बसत नाय गं." मी मारून दिली. मग आमचं दार. आत तोंड करून म्हटलं, "अहो, चला खाली." जरा थांबले. कडी घातली. पट्टी बांधली.
प्रितम खालीच उभा होता. कोणालाच वर जावं लागलं नाही. आग तासाभरात विझली.

१२ मार्च
सकाळपासून कान देऊन बसलेय. खाकरणं नाही.
बाहेरून आवडाबाई ओरडल्या, "शेवंती, पट्टी तशीच गं कडीला! सोड की. आत तू आहेस ना?"
"आहे," म्हटलं. उठून सोडली.